रबरी गोळी की रबराची गोळी?

नागपूरच्या महाल भागातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. हिवाळी अधिवेशनातल्या मोर्च्यावर निबंध लिहिताना एका मुलीनं 'पोलिसांनी रबराच्या गोळ्या चालवल्या' असं लिहिलं. बाईंनी लाल शाईनं 'रबरी गोळ्या झाडल्या' केलं. मुलगी विचारते, फरक काय?

क्रियापदाचं आधी. मराठीत गोळी झाडतात, नाहीतर घालतात. 'गोळी चालवली', 'गोळी चालली' हा आपल्या नागपूरचा हिंदीशेजार. बोलताना मीही म्हणतो. निबंधात 'झाडल्या' बरं.

खरी गंमत 'रबरी'त आहे. 'रबराची' म्हटलं की वस्तू कशाची केली आहे ते कळतं. 'रबरी' म्हटलं की ती कुठल्या जातीची आहे ते. रबरी शिक्का घ्या. मूठ लाकडाची, रबर फक्त खालच्या पट्टीला. तरी तो रबरी शिक्का. 'रबराचा शिक्का' मागितला तर दुकानदार क्षणभर थबकेल.

गोळ्यांचंही तसंच आहे. ब्रिटिश लष्करानं १९७०मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये वापरलेली गोळी खरोखर रबराची होती. सुमारे १५ सेंटिमीटर लांब, बोथट टोकाची. थेट माणसावर नव्हे, जमिनीवर मारायची, म्हणजे उसळून पायांना लागेल, असा हिशोब. पण उसळलेली वस्तू कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पुढे त्यांच्या जागी प्लास्टिकच्या आल्या. दोन्ही मिळून तिथे १७ माणसं मेली, त्यातली बरीचशी मुलं. आणि इस्राएलच्या सैन्यानं वापरलेल्या अनेक 'रबरी' गोळ्यांच्या पोटात चक्क पोलाद असतं, वर रबराचा पातळ थर. तिला 'रबराची' म्हणणं खोटं ठरेल. 'रबरी' मात्र खपून जातं. व्याकरणानं बाई बरोबर आहेत, पण ऐकणाऱ्याला मऊ काहीतरी वाटतं ते याच प्रत्ययामुळे. 'सौम्य लाठीमार'मधल्या 'सौम्य'सारखंच.

लाठीवरून आठवलं. या गोळीचं इंग्रजीतलं सरकारी नाव 'बॅटन राउंड'. बॅटन म्हणजे दंडुका. म्हणजे हा लांबून केलेला लाठीमारच.

मुलीचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: एवढ्या लांबट वस्तूला गोळी का म्हणायचं, गोळी तर डॉक्टर देतात ना? जुन्या बंदुकीत शिशाचा वाटोळा मणी असायचा. तोफेचा तो गोळा, बंदुकीची ती गोळी. आकार बदलला, नाव राहिलं. इंग्रजीत 'बुलेट'ही मुळात फ्रेंचमधला 'छोटा चेंडू'च, तेव्हा 'रबर बुलेट' लिहून काही जास्त अचूक होत नाही. औषधाची गोळी, गोळीबंद पाक, सगळी एकाच घरची.

एक मात्र जपावं. काश्मीरमध्ये २०१६ साली ज्यांनी कित्येकांचे डोळे गेले ते छर्रे धातूचे होते. एका काडतुसातून शेकड्यांनी सुटणारे. त्यांना 'रबरी गोळ्या' म्हणू नये.

बाईंनी 'रबराच्या'साठी गुण कापला असेल तर तो परत द्यावा. 'चालवल्या'चा ठेवला तरी चालेल.