पहिला इको, तीन महिने गोळ्या, मग दुसरा इको

विक्रोळीहून तुम्ही विचारलेला प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी चहा झाल्या झाल्या उत्तर लिहायला बसले. बाबा ६१ वर्षांचे, मधुमेह बारा वर्षांचा. दोन महिने स्टेशनचा पूल चढताना दम लागत होता, मग पाय सुजले आणि २डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘ग्लोबल हायपोकायनेशिया, ईएफ ३० टक्के’ आलं. ईएफ म्हणजे पंपिंगचा आकडा, डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं तो. डॉक्टरांनी अँजिओग्राफी (बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉक आहेत का ते बघणं) सांगितली आहे. मामा म्हणतात, तार घालायला नको, सीटी स्कॅन करू. कागदावर सात गोळ्या आहेत, शेजारी म्हणतात एवढ्या गोळ्यांनी किडनी जाईल, आणि छातीत मशीन बसवावं लागेल असंही कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘बाबांकडे किती वेळ आहे?’

हा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्हाला झोपू देत नसणार.

मी परळच्या एका रुग्णालयात २६ वर्षं इको केले. ‘पंपिंग तीस टक्के’ हे शब्द ऐकून बाहेरच्या बाकावर मटकन बसलेली माणसं मी रोज पाहिली. त्यांना वाटतं, शंभरातलं सत्तर गेलं, तीस उरलं. तसं नसतं. निरोगी हृदयाचं पंपिंगसुद्धा शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. डावा कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिली रक्त होतं आणि एका ठोक्यात ७० मिली बाहेर गेलं, तर ईएफ झाला ५८ टक्के. बाबांचा कप्पा ताणून मोठा झाला असणार. समजा त्यात २०० मिली मावतंय आणि ६० मिली बाहेर जातंय, तर कागदावर ३० टक्के येतं. शरीराला मिळणाऱ्या रक्तातला फरक मात्र ७० आणि ६० चा. आजार गंभीर आहे, तो मी हलका करून सांगत नाही. पण ईएफ म्हणजे उरलेल्या आयुष्याचा आकडा नव्हे, आणि तो आहे तिथेच राहील असंही नाही. औषधांनी तो वर येतो. मी तो अनेकदा वर आलेला माझ्या डोळ्यांनी, त्याच माणसाच्या छातीवर प्रोब ठेवून पाहिलाय.

आकडा काढतात कसा, तेही सांगते. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, बरगड्यांच्या फटीतून कप्पा पकडायचा, तो पूर्ण भरलेला असताना एकदा आणि पूर्ण आकसल्यावर एकदा त्याच्या आतल्या कडेवरून रेघ फिरवायची. मशीन आकारमान मोजतं. कड धूसर असेल तर रेघ चुकते. गर्दीच्या ओपीडीत कित्येकदा नुसत्या डोळ्यांच्या अंदाजानेच आकडा लिहिला जातो. बाबा त्या दिवशी धापा टाकत असतील, नाडी १२० असेल, बीपी चढलेलं असेल, तर आकडा आणखी खाली दिसतो. एकाच माणसाचा इको दोघांनी केला तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून ३० चे ३४ झाले तर पेढे वाटू नका आणि ३० चे २७ झाले तर रडू नका. पुढचा इको शक्यतो त्याच जागी, त्याच हातून करून घ्या आणि त्या वेळची नाडी व बीपी रिपोर्टवर लिहून मागा. परत परत इको केल्याने काही अपाय होत नाही. यात एक्स-रेसारखे किरण नाहीत, फक्त ध्वनिलहरी आहेत. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी पहिल्यांदा हृदयाचा असा वेध घेतला, तेव्हा हाताशी होतं ते कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र.

आता अँजिओग्राफी की सीटी. मामांची काळजी मला समजते, पण प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. इकोने सांगितलं की पंप कमजोर आहे. का कमजोर आहे, हे इको नेहमी सांगू शकत नाही. ‘ग्लोबल हायपोकायनेशिया’ म्हणजे सगळ्याच भिंती सुस्त हलताहेत, यावरून रक्तवाहिन्या साफ असतील असं धरून चालत नाही. त्यातून मधुमेहात छातीत न दुखताही ब्लॉक साचत जातात. सीटी अँजिओग्राफीचा खरा उपयोग होतो तो ब्लॉक असण्याची शक्यता कमी असताना. तिथे सीटी स्वच्छ आली की विषय संपतो. पण तिला नाडी साठ-पासष्टच्या खाली लागते, आणि जुन्या मधुमेह्याच्या वाहिन्यांत चुना बसलेला असला की चित्रात तो फुगून दिसतो. ब्लॉक चाळीस टक्के की ऐंशी हे कळत नाही. मग साधी अँजिओग्राफी करावी लागतेच आणि किडनीवर दोनदा डायचा (वाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडायच्या औषधाचा) भार पडतो. बाबांच्या बाबतीत मी थेट अँजिओग्राफीच्या बाजूने आहे. हल्ली ती बहुतेक वेळा मनगटातून करतात. आधी क्रिॲटिनिन (किडनीची रक्ततपासणी) झालंय ना, आणि मधुमेहाची कुठली गोळी किती दिवस थांबवायची, हे विचारून ठेवा. ट्रेडमिल टेस्टच्या मागे आत्ता लागू नका. पूल चढताना दम लागणाऱ्या माणसाला पट्ट्यावर पळवून हाती काही लागत नाही.

ब्लॉक निघाले तर? इथे घाईघाईत टेबलावर असतानाच सही मागितली जाते, म्हणून घरीच ठरवून जा. हार्ट अ‍ॅटॅक चालू असेल तर ताबडतोब स्टेंट जीव वाचवतो, तिथे एक मिनिटही घालवायचं नाही. बाबांसारख्या, हळूहळू पंपिंग उतरलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. ईएफ ३५ च्या आत असलेल्या ७०० रुग्णांवरचा ‘रिव्हाइव्ह्ड’ हा ब्रिटनमधला अभ्यास २०२२ मध्ये आला. चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (हृदय कमी पडून दम लागणं, पाणी साठणं) भरती होणं कमी झालं नाही. बायपासचं मात्र उलट आहे. ‘स्टिच’ या अभ्यासात दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा नुसत्या औषधांपेक्षा बायपास झालेल्यांत मृत्यू कमी होते. तेव्हा तीन वाहिन्यांत ब्लॉक आले तर सर्जनचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. वाहिन्या साफ निघाल्या तर कार्डियाक एमआरआयचं विचारा. गॅडोलिनियम हे औषध शिरेतून दिलं की स्नायूतला व्रण पांढरा उमटतो. व्रण आतल्या थराला असेल तर ब्लॉकचा, भिंतीच्या मधोमध रेघेसारखा असेल तर स्नायूच्याच आजाराचा. किडनी फार कमी चालत असेल तर हे औषध देताना डॉक्टर विचार करतात.

आता गोळ्या. माझं खरं म्हणणं इथे आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

तुम्ही टाकलेल्या यादीत सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन आहे. या चार गोळ्या म्हणजे बाबांचा उपचार. पाचवी टॉरसेमाइड, पाणी काढणारी. तिने सूज उतरते, दम कमी होतो, पण हृदय सुधारतं ते या चारांनी. उरलेल्या दोन, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन, ब्लॉकच्या शक्यतेपोटी आहेत. अँजिओग्राफीनंतर त्यांचा पुन्हा विचार होईल. लोक नेमकं उलटं करतात. पाण्याच्या गोळीने बरं वाटलं की तीच तेवढी चालू ठेवतात आणि ‘बीपी तर नव्हतंच’ म्हणून बाकीच्या सोडतात. यातल्या काही गोळ्या बीपीच्या म्हणून ओळखल्या जातात, म्हणून हा घोळ. बाबांना त्या बीपीसाठी दिलेल्या नाहीत. कमजोर हृदय पाहून शरीर घाबरतं, मीठ-पाणी धरून ठेवतं, नाडी वाढवतं, आणि त्यानेच हृदय आणखी ताणलं जातं. हे दुष्टचक्र चारही गोळ्या चार ठिकाणी तोडतात.

त्या सुरू होतात छोट्या डोसात. तिथेच वर्षभर अडकून पडणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे. डॉक्टर बदली होतात, ओपीडीत दोन मिनिटं मिळतात आणि ‘तेच चालू ठेवा’ लिहून होतं. तुम्ही प्रत्येक भेटीत विचारा, ‘डॉक्टर, आज कुठली गोळी वाढवता येईल?’ बीपी, नाडी, पोटॅशियम पाहून ते एक-दोन आठवड्यांनी एकेक पायरी वर नेतील. मेटोप्रोलॉल वाढवल्यावर पहिले काही दिवस बाबांना गळून गेल्यासारखं वाटेल, तेवढ्यासाठी ती स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद करणं धोक्याचं. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर बाहेर टाकतं, त्यामुळे लघवीच्या रिपोर्टात साखर येणारच, घाबरू नका. त्या जागेची स्वच्छता ठेवायला सांगा, खाज आली तर लाजून लपवू देऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या, उपास घडला किंवा ऑपरेशन ठरलं तर ही गोळी थांबवायची का ते फोन करून विचारा. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत दुखरी गाठ येऊ शकते. त्यावर एप्लेरेनोन हा पर्याय आहे. घरात आधीची रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल पडलेली असेल तर ती सॅक्युबिट्रिलबरोबर चुकूनही जाऊ नये, दोन्हींत ३६ तासांचं अंतर लागतं. जीभ-घसा सुजून श्वास अडकू शकतो. आणि सॅक्युबिट्रिल चालू असताना हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ततपासणी फसवी येते, एनटी-प्रोबीएनपी करून घ्या.

किडनीचं म्हणाल तर सुरुवातीला क्रिॲटिनिन थोडं वर जातंच. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर बहुधा चालवून घेतात. पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी फोन. शेजाऱ्यांनी ज्या गोळ्यांची भीती घातली त्यातली डॅपाग्लिफ्लोझिन तर किडनी जपते. किडनी खरोखर बिघडवणारी गोळी तुमच्या घरात दुसरीकडेच असेल: गुडघ्यासाठी मेडिकलमधून न विचारता आणलेली डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसेक्लोफेनॅक. ती पाणी साठवते आणि हार्ट फेल्युअर उसळवते. आजच फेकून द्या. ‘कमी सोडियमवालं’ मीठही आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते चढतं.

माझा धाकटा भाऊ ४७ वर्षांचा असताना, २०१७ च्या पावसाळ्यात, मीच त्याचा इको केला. ईएफ २५. पडद्यावरून नजर न हलवता मी कसाबसा तो इको पुरा केला. अँजिओग्राफी साफ, एमआरआयमध्ये भिंतीच्या मधोमध रेघ. गोळ्या वाढवत नेल्या आणि अकरा महिन्यांनी आकडा ४८ वर आला. तो पुन्हा अंबरनाथहून लोकलने कामाला जाऊ लागला. मग २०१९ मध्ये ‘आता बरा झालास, कशाला विष खातोस’ हा सल्ला त्याने ऐकला आणि आम्हाला न सांगता सगळं बंद केलं. पाच महिन्यांनी रात्री उशीवर उशी ठेवून बसलेला सापडला. ईएफ ३२. गोळ्या परत सुरू केल्या, हळूहळू ४४ पर्यंत आला, पुन्हा ४८ काही दिसला नाही. माझ्याच घरात हे झालं याचं दुःख मला आजही आहे. त्याच सुमाराला ‘ट्रेड-एचएफ’ नावाचा अभ्यास आला होता: पंपिंग पूर्ववत झालेल्या, काहीही त्रास नसलेल्या २५ जणांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढली, तर सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परत आला. म्हणून बाबांचा आकडा वर आल्यावर कुणी गोळ्या सोडायला सांगेल, तो दिवस आत्ताच लक्षात ठेवा.

छातीतल्या मशीनचा विषय तीन महिने बाजूला ठेवा. चारही गोळ्या सोसतील तेवढ्या डोसावर नेऊन किमान तीन महिने झाल्यावर परत इको करायचा, आणि तरीही ईएफ ३५ किंवा त्याखाली असेल तर आयसीडीची (धोक्याचे ठोके आले की शॉक देणाऱ्या, छातीत बसवायच्या मशीनची) चर्चा. बाबांची मध्येच शुद्ध हरपली असेल किंवा मॉनिटरवर धोक्याचे ठोके दिसले असतील तर मात्र थांबायचं नाही. ईसीजीत ‘एलबीबीबी’ (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा) लिहिलंय का तेवढं बघून ठेवा. असेल तर वेगळ्या प्रकारचा पेसमेकर उपयोगी पडू शकतो.

खर्चाचं: दर महिन्याच्या गोळ्या योजनेत येत नाहीत, त्या घरालाच झेपायला हव्यात. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट त्याआधी २०२० मध्ये; आता दोन्ही स्वस्त कंपन्यांच्या मिळतात. जनऔषधी केंद्रात चौकशी करा. महागडी पंधरा दिवस घेऊन सोडण्यापेक्षा स्वस्त रोज घेतलेली बरी.

घरी वजनकाटा आणा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी वजन, मग नाडी आणि बीपी, भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, डॉक्टरांना कळवा. लोणचं, पापड, सुकट, बोंबील, वेफर्स बंद; हे कोकणातल्या घराला जड जातं, ठाऊक आहे मला. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम फार जातो आणि पाण्याची गोळीही चालू असते, तेव्हा उठताना चक्कर आली तर बीपी मोजा आणि डोस विचारा. आडवं झाल्यावर श्वास पुरेना, छातीत दुखलं, शुद्ध गेली, तर इथे लिहीत बसू नका, १०८ लावा आणि कॅज्युअल्टी गाठा.

स्पायरोनोलॅक्टोन सुरू होऊन दहा दिवस झाले असं तुम्ही लिहिलंय आणि त्यानंतरच्या रक्ततपासणीचा उल्लेख कुठेच नाही. उद्या सकाळीच पोटॅशियम आणि क्रिॲटिनिन करून घ्या, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि दोन्ही आकडे मला इथे सांगा.