नेम लागेना, स्कोप बदलू का?

प्रश्न: माझ्या .२२ रायफलवर ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची नेमाची दुर्बीण) आहे. ५० मीटरवर गोळ्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये विखुरतात. दर वेळी नेम सरकवणाऱ्या चकतीच्या क्लिक फिरवून थकलो. आता १६ पटीचा स्कोप घेऊ का?

उत्तर: थांबा, पाकीट आत ठेवा. जास्त पटीच्या स्कोपमधून तुम्हाला तुमचाच थरथरणारा हात मोठा दिसेल, एवढंच. ५० मीटरला ९ पट पुरते. आणि प्रत्येक गोळीमागे क्लिक फिरवू नका. पाव मिनिटाची (कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक तिथे नेम साडेतीन मिलिमीटरच सरकवते. गोळ्या एका जागी पडत असतील तरच क्लिकला अर्थ. तुमच्या तर विखुरताहेत.

रायफल रिकामी आहे याची खात्री करून स्कोप मुठीत धरून हलवा. किंचितही हलला तर माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्क्रू ढिले आहेत. मी स्वतः एकदा महिनाभर श्वासाला दोष देत बसलो होतो. दोष निघाला पकडीच्या मागच्या रिंगमधल्या ढिल्या स्क्रूचा!

तो घट्ट असेल तर रिकामी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि तिला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर (स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकतोय? मग तो पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं. बरेच साधे स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात, त्यामुळे ५० मीटरला गाल दस्त्यावर दर वेळी नेमका त्याच जागी टेकायला हवा. नवा घ्यायचाच झाला तर पॅरॅलॅक्स जुळवता येईल असा घ्या, पट नंतर बघा.

आणि हो, काडतुसं बदलून पाहा. .२२ रायफली त्याबाबतीत फार लहरी असतात.