'डीसंट' कुठे कुठे चालतं?

प्रश्न: ताई, इंटरव्ह्यूची तयारी करतेय. आपण 'मुलगा डीसंट आहे' म्हणतो, पण पगार, जेवण यांनाही इंग्लिशमधे डीसंट म्हणतात का? वाक्यं सांगा ना.

उत्तर: हो गं, अगदी रोज म्हणतात. 'दे पे अ डीसंट सॅलरी' म्हणजे बऱ्यापैकी पगार देतात, डोळे दिपतील एवढा नाही पण घर नीट चालेल एवढा. 'ही इज अ डीसंट मॅन' म्हणजे सरळ, सभ्य माणूस, हे तुला माहितीच आहे. 'वेअर समथिंग डीसंट' म्हणजे चारचौघांत शोभेल असं घाल. आणि कोणी अडीअडचणीला धावून आलं की 'दॅट वॉज व्हेरी डीसंट ऑफ यू', हे मला फार आवडतं, यात मनापासून आभार आहेत.

पण कौतुक करताना जरा जपून हं, कोणी राबून जेवण केलं आणि तू 'इट वॉज डीसंट' म्हणालीस तर त्यांना ते 'ठीक होतं' असंच ऐकू येणार, तिथे 'डिलिशस' म्हण. दाराबाहेरून कोणी 'आर यू डीसंट?' विचारलं तर गोंधळू नकोस, कपडे घातलेत ना, आत येऊ ना, एवढंच विचारतायत.

उच्चारात 'डी' लांब आणि जोर त्याच्यावरच, 'डिसेंट' म्हटलं की ऐकणाऱ्याला वेगळेच इंग्लिश शब्द वाटतात, descent म्हणजे खाली उतरणं किंवा dissent म्हणजे मतभेद.

इंटरव्ह्यूत 'आय हॅव अ डीसंट नॉलेज ऑफ एक्सेल' बिनधास्त म्हण, बऱ्यापैकी येत असेल तर.