गेम मास्टरच्या खुर्चीतून: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं की "हे खेळतात कसं" अशी पत्रं येतील, पण आली ती बहुतेक अशा लोकांची ज्यांच्या गळ्यात मित्रांनी गेम मास्टरचं काम आधीच मारलंय. तो लेख ज्यांचा राहून गेला त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि गेम मास्टर म्हणजे उरलेलं सगळं जग, राक्षसापासून खानावळीच्या मालकापर्यंत. काय होईल हे नक्की नसेल तिथे फासे टाकायचे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, पहिली छपाई जेमतेम हजार प्रतींची, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. असो, पत्रांकडे वळू.

ताई, मी दोन आठवडे खपून जंगलातला चेटकिणीचा वाडा तयार केला, नकाशा काढला, तिची भाषणंसुद्धा लिहिली. अर्ध्या तासात मंडळी म्हणाली जंगलात नाही जायचं, बंदरावर जाऊन जहाज चोरायचंय. मी वादळ आणून त्यांना परत जंगलात ढकललं तर सगळे रुसले. चुकलं काय?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

वादळ चुकलं. आणि भाषणं.

अरे, पुढे काय होणार ते तूच आधी ठरवून बसलास तर समोरच्या चौघांनी करायचं काय, टाळ्या वाजवायच्या? कोकणातला दशावतार बघितलायस का कधी? तिथे संवाद कोणी लिहून देत नाही, आख्यान कुठलं आणि कोण कोणाच्या जिवावर उठलंय एवढं आत ठरतं, बाकी बोलणं रंगमंचावर उभ्या उभ्या होतं. तुलाही तेवढंच लागतं. चेटकीण काय बोलेल ते नको लिहू, तिला काय हवंय ते लिही. समज, तिला बंदरातल्या दीपस्तंभाच्या रखवालदाराची सावली हवीये, अमावस्येच्या आत. आता मंडळी बंदरावर गेली तर जाऊ दे की, रखवालदार तिथेच आहे, घाबरलेला, भर दुपारी कंदील घेऊन फिरणारा, आणि जहाज रात्री गुपचूप काढायचं तर त्याचा दिवा मध्ये येणारच. कोणीच काही केलं नाही तर अमावस्येला काय होईल, हेही एका ओळीत लिहून ठेव म्हणजे झालं.

तुझा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, की मग अख्खा वाडाच उचलून बंदरावर ठेवला तर? यावर गेम मास्टर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. माझं मत सांगते. वाडा कुठे आहे हे त्यांना माहीतच नसेल तर खुशाल हलव, तुझा नकाशाही वाया जात नाही. पण "डावीकडे चेटकीण आहे" हे कळल्यावर त्यांनी विचार करून उजवी वाट धरली असेल आणि तू उजवीकडेही तीच चेटकीण उभी केलीस तर ती फसवणूक झाली, आणि लोकांना ते बरोबर कळतं.

एक साधी सवय लाव. उठायच्या आधी विचारायचं, "पुढच्या वेळी कुठे जाणार?" आणि फक्त तेवढ्याचीच तयारी करायची.

आम्ही कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा रोल-प्लेइंग गेम खेळतो. खुनाचा तपास चालला होता, कपाटामागच्या चिठ्ठीवर पुढची सगळी कथा होती, आणि चौघांचाही स्पॉट हिडनचा, म्हणजे लपवलेलं शोधायचा, रोल फसला. मग दीड तास नुसतं या खोलीतून त्या खोलीत. शेवटी मीच वैतागून चिठ्ठी हातात दिली. असं झालं तर काय करायचं?
– नाशिक

आधी हिशोब बघा, म्हणजे नशिबाला शिव्या देणं थांबेल. त्या गेममध्ये स्पॉट हिडनवर पॉइंट घातले नसतील तर ते स्किल मुळात २५ टक्के असतं. म्हणजे एकाचा रोल फसायची शक्यता ७५ टक्के, आणि चौघांचाही फसायची जवळपास ३२ टक्के. दर तीन वेळा खेळलात तर एकदा गाडी तिथेच अडकणार! तुम्ही अख्खी संध्याकाळ अशा एका फाशावर टांगून ठेवली होती.

गेम डिझायनर रॉबिन लॉज यांनी गमशू नावाची सिस्टिम केली ती याच दुखण्यावर. तिचं म्हणणं असं की योग्य माणूस योग्य जागी शोधतोय ना, मग मुख्य धागा त्याला मिळालाच पाहिजे, रोल वगैरे काही नाही. खरी मजा धागा सापडण्यात नसते, त्याचा अर्थ लावण्यात असते. आणि गेमविषयी लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम प्रसिद्धच आहे: जो निष्कर्ष त्यांनी काढायलाच हवा त्याच्याकडे नेणारे निदान तीन धागे ठेवा, कारण एक नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा कामाला येतो. तुमच्याच खेळात चिठ्ठीच्या जोडीला मोलकरणीने काहीतरी ऐकलेलं असू दे आणि शेगडीत अर्धवट जळलेलं पाकीट असू दे.

मग रोल कशासाठी ठेवायचा? किंमत ठरवायला. चिठ्ठी मिळणारच, पण रोल फसला तर कपाट सरकवताना आवाज होतो आणि जिन्यावर पावलं वाजतात. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीत रोल "पुश" करायची सोय आहे, म्हणजे वेगळी युक्ती सांगून पुन्हा एकदा टाकता येतो, पण परत फसला तर जास्त वाईट काहीतरी होणार हे मान्य करून. ही सोय लोक वापरतच नाहीत, तुम्ही वापरा, टेबलावर काय शांतता पसरते बघा.

माझी मुलं आणि त्यांचे मित्र, सगळे अकरा ते तेरा वर्षांचे, आणि गेम मास्टर मी, म्हणजे आई. पहिल्याच मारामारीत गॉब्लिनने नॅचरल वीस टाकला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस, आणि धाकट्याचा विझार्ड पडला. त्याचे डोळे भरून आले. पडद्यामागे फासे टाकून थोडं खोटं सांगितलं तर चालेल का हो?
– ठाणे

नका सांगू. मुलं फार हुशार असतात, एकदा का कळलं की आई आपल्याला मरू देत नाही, की पुढच्या ड्रॅगनला कोण घाबरणार?

पण विझार्ड मेला कुठे होता? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेला जीव, शून्य झाले म्हणजे मरण नव्हे, बेशुद्धी. समजा त्याचे पूर्ण ८ हिट पॉइंट होते. गॉब्लिनच्या तलवारीचं क्रिटिकल, म्हणजे वीस आल्यावर बसणारा जास्त जोराचा फटका, म्हणजे दोन सहाचे फासे अधिक २, जास्तीत जास्त १४. एका फटक्यात जागीच मरायला त्याला १६ डॅमेज लागलं असतं (आठाचं शून्य करून वर आणखी आठ), म्हणजे त्या फटक्याने तो मरूच शकत नव्हता. त्यानंतर त्याच्या प्रत्येक टर्नला डेथ सेव्ह, म्हणजे जगण्या-मरण्याचा वीस बाजूंचा फासा: दहा किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश, ज्याचे तीन आधी होतील ते खरं. वीस आला तर पोरगा एका हिट पॉइंटवर उठून बसतो. आणि तेवढ्यात मित्राने धावत जाऊन औषधाची बाटली तोंडात ओतली तर काय हवं! रडू येण्यासारखा क्षण होता ना, तोच खेळातला सगळ्यात भारी क्षण करता येतो, फक्त तो डेथ सेव्हचा फासा त्याच्याच हातात द्या आणि सगळ्यांसमोर टाकू द्या.

दुसरं म्हणजे खोटं बोलण्यापेक्षा गॉब्लिनच्या डोक्याने विचार करा. त्याला माल हवाय, प्रेतं नकोत. दोन साथीदार पडले की तिसरा पळतो, जिंकले तर पोती उचलून पसार होतात. नियमाला हात न लावता मारामारी सौम्य होते, आणि पळालेल्या गॉब्लिनच्या मागे कुठल्याही वयाची मुलं धावतातच.

एक मित्र सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो, बाकीचे गप्प.
– कोल्हापूर

"आता काय करता?" असं सगळ्यांना मिळून विचारणं बंद करा, ज्याचा आवाज मोठा तोच उत्तर देतो. नाव घेऊन विचारा, "दार उघडतंय, तुझा चोर दाराच्या सगळ्यात जवळ आहे, काय करतोस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका. तरी नाही सुधारला तर खेळाबाहेर, चहा पिताना, सरळ बोला.

दोघं पुण्यात, एक दुबईत, दोघं न्यू जर्सीत. मराठीतच खेळतो पण तारीखच जमत नाही.
– पाच जुने मित्र

दर वेळी ग्रुपवर "कधी जमेल" विचारत बसलात तर कधीच जमणार नाही. वार आणि वेळ एकदाच ठरवून टाका आणि तिघं आले तरी खेळ होणार हे आधीच जाहीर करा, म्हणजे न येणाऱ्याची आपोआप पंचाईत. त्यासाठी प्रत्येक साहस गावातून निघून त्याच दिवशी गावात परत येईल असं ठेवा, कोण गैरहजर होतं हा प्रश्नच उरत नाही. शनिवारी पुण्यात संध्याकाळी साडेसात म्हणजे दुबईत सहा आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा, सगळ्यांना बऱ्यापैकी सोयीचं. फक्त नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हा त्या दोघांना नऊलाच बसावं लागेल, ते आत्ताच सांगून ठेवा.