महाराष्ट्रात इतकी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं कशी झाली?

मूळ 1983 मध्ये आहे. तोवर पुणे, कराड, औरंगाबाद, अमरावती अशी मोजकीच सरकारी कॉलेजं होती. जागा न मिळालेली मुलं देणगी भरून कर्नाटकात जायची. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. सरकारवर पगाराचा बोजा नाही, संस्थेने फीवर चालायचं. यातून खेड्यापाड्यातली मुलं घराजवळ शिकली, हे मी मोठंच काम मानतो. पण खर्च पालकांच्या अंगावर आला तो आलाच. देणगीबंदीचा कायदा 1987 मध्ये करावा लागला. आता फी किती ते सरकारचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं.

तुमच्या घरी यंदा कुणी प्रवेश घेत असेल तर एवढं बघाच: फीच्या आदेशात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं लिहिलेलं असतं. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि मराठा आरक्षण गटातल्या मुलींना 2024-25 पासून माफी आहे ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क त्यात धरू नका. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन कॅप राउंडच्या (केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या) वेळी तहसीलला रांग लागते.