साडेचार वर्षांची आयटीतली पक्की नोकरी सोडून स्टार्टअपमध्ये अवघड जबाबदारी घ्यावी का?

घ्या. पण रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे नेता येते का, ते आधी विचारा. सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क लागतो. शेवटचा मासिक मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५/२६, गुणिले वर्षं, असा ढोबळ हिशेब आहे. नोटीसचे ९० दिवसही नोकरीतच धरले जातात, म्हणजे निम्मा काळ त्यातच जाईल.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या खात्यात वळवा.

खरी काळजी मला मेडिक्लेमची वाटते. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी नेमकी माझ्या दोन नोकऱ्यांमधल्या महिन्यात करावी लागली आणि सगळा खर्च घरातून झाला. स्वतंत्र पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून राजीनाम्याआधीच आईवडिलांसाठी ती घेऊन ठेवा.

ईसॉपचा (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क) आकडा पगारात मिळवू नका. शेअर घेताना बाजारमूल्य आणि तुम्ही मोजलेली किंमत यांतल्या फरकावर सहसा पगारासारखा कर बसतो, शेअर विकलेले नसले तरी. घराचा हप्ता हातात येणाऱ्या रोख पगारातून निघतोय का, एवढंच बघा.

कामाचं म्हणाल तर शून्यापासून टीम उभी करायची संधी तिशीत मिळतेय, ती सोडू नका. फक्त संस्थापकांना स्पष्ट विचारा: बँकेतले पैसे किती महिने पुरतील? उत्तर टाळलं, तर थांबा.