सोलोत संध्याकाळी करायचं काय?

ताई, नवऱ्याची नोकरी इंडोनेशियात, सोलो गावातल्या कापड गिरणीत, आणि पुण्यातली नाटकं सुटल्यावर तिथे संध्याकाळी करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच राहते. जाकार्तासारखे मॉल इथे नाहीत, पण नाटकवेड्या माणसासाठी जावा बेटावर याहून चांगलं गाव नाही. (योग्याकार्तावाले भांडतील, भांडू देत.)

श्रीवेदारीच्या नाट्यगृहात बहुतेक संध्याकाळी वायांग ओरांग असतं. महाभारत-रामायणातली कथा, माणसं नाचत-बोलत करतात, आणि तिकीट अगदी स्वस्त. सुरुवात तिथून करा.

पण खरी चैन वायांग कुलितची, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांची. पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ पाहिला असेल तर ओळखीचं वाटेल, फक्त पसारा कैकपट मोठा. गावात लग्न, सुंता असं काही निघालं की मांडव पडतो. खेळ फुकट, रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत. पडद्याच्या सावल्यांच्या नाही, वादकांच्या बाजूने बसा, म्हणजे दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, दिसेल. मांडी घालून बसलेला, दोन्ही हातांत बाहुल्या, उजव्या पायाच्या बोटांत लाकडी ठोकळा. त्या ठोकळ्याने तो बाहुल्यांच्या पेटीला टांगलेल्या धातूच्या पट्ट्या खणखणवतो आणि सगळ्या पात्रांचे आवाज एकटाच काढतो. बाकीच्या बाहुल्या पुढ्यातल्या केळीच्या खुंटात खोचलेल्या. मध्यरात्रीनंतर सेमार हा विदूषक आणि त्याची तीन पोरं येऊन पुढाऱ्यांची टर उडवतात, तोवर डुलकी काढू नका. आणि कथेतल्या चुका काढू नका! इथे द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको, आणि श्रीकंडी, म्हणजे आपला शिखंडी, ही अर्जुनाची.

भाषा तेवढी अडेल. क्लासात इंडोनेशियन शिकवतात, खेळ जावानीजमध्ये चालतो. आधी इंडोनेशियनच शिका, भाजीवालीशी तीच लागते.

लग्नात, बसमध्ये मात्र दांगदुत, म्हणजे इथलं लोकप्रिय नाचरं संगीत. ७०च्या दशकात रोमा इरामा या गायकाने त्यात रॉक गिटार आणली. हिंदी सिनेसंगीताची छाप आधीपासूनच होती, त्यामुळे ठेका लगेच अंगात भिनतो. गायक दिदी केम्पोट सोलोचेच. २०२०मध्ये गेले, पण प्रेमभंगाची त्यांची जावानीज गाणी कॉलेजची पोरं अजून घसा फोडून गातात. त्यातलं एक तर इथल्या बालापान स्टेशनाबद्दलच आहे.

थिएटरात भुताखेतांचे सिनेमे फार. मला झेपत नाहीत.

निघण्याआधी शाहरुखचं एखादं गाणं कडव्यांसकट पाठ करा. गिरणीतली मंडळी कराओकेला नेतील, तेव्हा भारतीय बाईला माइक दिल्याशिवाय राहणार नाहीत.